बसून राहायची लाज

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीसमोर धरला आणि बोट ठेवून दाखवले. "ही कॅव्हिटी. फुफ्फुसाला पडलेलं भोक. क्षयच आहे, बाई. रक्त कधीपासून पडतंय?"

"आठ दिवस," मी म्हणाले. खरे म्हणजे दोन महिने पडत होते.

लपवण्याचे कारण सांगते, कारण तुमच्यापैकी कोणी आज तेच करत असेल. कडेगावजवळच्या आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रभुभोजन होते. द्राक्षरसाचा एकच प्याला ओळीने फिरतो. जो कोणी प्याला न घेता बसून राहतो, त्याला काही पापाबद्दल मंडळीने शिस्त लावली आहे, असे सगळे धरून चालतात. मी तिथल्या शाळेची मास्तरीण. ‘सर्वांनी पाप केले आहे’ हे बायबलमधले वचन मुलांकडून पाठ करून घेत असे. पण त्या सर्वांत मला कोणी मोजलेले चालणार नव्हते. दोनदा मी प्याला घेतला, कड पदराने पुसली आणि शेजारच्या सोनाबाईच्या हाती दिला. सोनाबाई मजुरी करणारी विधवा, माझ्याहून थोरली.

सांगलीकडच्या सॅनेटोरियममध्ये मला खाट मिळाली. तिथे ए.पी. नावाचा उपचार सुरू झाला. बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरतात. आजारी फुफ्फुस दबते आणि त्याला विश्रांती मिळते. दुखते, पण सोसवते. थुंकीची तपासणी दर पंधरवड्याला. उरलेला वेळ व्हरांड्यात पडून राहायचे. सोनाबाई डोक्यातून जात नसे.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले.

"बाई, पश्चात्ताप केलात, क्षमा झाली," ते म्हणाले. "कृपा फुकट असते."

"क्षमा मला झाली. जंतूंना कोण सांगणार? रविवारी हे सगळ्यांना सांगा आणि सोनाबाईंना तपासणीला पाठवा."

"लोक बोलतील."

"बोलू देत."

सोनाबाई आली. तिचा एक्स-रे स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, "आज काही नाही. पण हा रोग उशिरानेही उठतो. सहा महिन्यांनी पुन्हा या."

ती माझ्या खाटेपासून लांब, कठड्यावर टेकली. "बसून ऱ्हायची लाज वाटली व्हय, बाई? मी तीन म्हैने बसले की."

भाचीच्या गावच्या जत्रेत देवीचा नैवेद्य खाल्ला म्हणून तिला प्रभुभोजन न देता बसवले होते. पाळकसाहेबांना ते कळवणारी मीच.

"तुम्हाला राग नाही आला माझा?"

"आला की. लय आला. पर प्रार्थनेत तुमचं नाव बी घेत हुते. करता काय? एकाच बाकावर बसायचं हाय."

"आणि आता?"

"आता बऱ्या व्हा. मग भांडू."

खोकला हटत नसेल तर दाखवा, आणि तोवर प्याला ओठांना न लावता पुढे जाऊ द्या. माझी थुंकी आता स्वच्छ आहे. सोनाबाईच्या दुसऱ्या तपासणीला अजून दोन महिने आहेत. ती नीट निघाली तर स्वतःला क्षमा करायची, असे मी ठरवले आहे. मला क्षमा करायला सोनाबाई तेवढीही थांबली नाही. कृपा मी वीस वर्षे शिकवली. घेता अजून येत नाही.