सगुणाबाईंची ओली भिंत

सगुणाबाईंच्या बिल्डिंगमध्ये कोण कुठं राहतं हे जिन्यात डोळे मिटून उभं राहिलं तरी कळतं. तळमजल्यावरून भोंग्यासारखा येतो तो आवाज खुद्द मालकिणीचा: "अगो, नल कोनी चालू ठेवलाय? खारीतलं पानी हाय काय, कवापन सोरायला?" दुसऱ्या मजल्यावरून शिवणयंत्राची खडखड, आणि तिला मधेच फाडून बाहेर येणारी रेहाना: "माहीन, ठेव तो मोबाईल, अल्ला के वास्ते!" आणि तिसऱ्यावर हेतलबेन. त्यांचं प्रत्येक वाक्य कुठूनही निघालं तरी शेवटी 'ने'वर येऊन बसतं, फेरी जशी रेवसच्या धक्क्याला लागते तशी.

बिल्डिंग रेवसच्या रस्त्यावर आहे. सगुणाबाई मिठागरात वाढल्या. घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभं राहून फळी ओढायची, मीठ काठाला आणायचं आणि डोक्यावरून वाहायचं, यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. पुढं जमिनीला भाव आला, मुलगा केतन ट्रकच्या धंद्यात शिरला आणि मिठागराच्या जागी बिल्डिंग आली. पण एक तुकडा सगुणाबाईंनी राखला. "समदं विकलंस, आता हे विकशील तर मना पन विक," असं त्यांनी केतनला बजावलं. मे महिना संपता संपता त्या तुकड्यावरचं जाडं मीठ गोण्यांत भरायचं आणि प्रत्येक भाडेकरूच्या दारात एक गोणी उभी करायची, हा त्यांचा नेम. गोणी द्यायची, वर दटावायचं: "फेकायचं न्हाय हां! सांडलेलं मीठ फुडच्या जल्मी पापनीनं येचावं लागतं."

रेहानाच्या आजीनंही तिला लहानपणी हेच सांगितलं होतं. तिथून दोघींची गट्टी जमली.

रोज दुपारी सगुणाबाई गुडघ्यांना शिव्या देत दोन जिने चढायच्या. रेहाना कुणाच्या तरी लग्नाच्या शराऱ्याला जर लावत असायची. मग चहा, पाव आणि गावभरच्या बातम्या. सून अलिबागला नोकरीला, केतन दिवसभर फोनला चिकटलेला. सगुणाबाईंचं पूर्ण बोलणं ऐकून घेणारं, आणि योग्य जागी "मग? मग?" करणारं माणूस गावात एकच उरलं होतं.

आणि या पावसात तेच माणूस म्हणालं, "मावशी, आम्ही जातो."

"कुठं? बाजारात?"

"तळ्याला, बहिणीच्या गावी. तिच्या शेजारी खोली रिकामी झालीय. हे बघा ना."

रेहानानं कपाट पुढं ओढलं. मागची भिंत अशी झाली होती, की जणू कुणी तिच्यावर काळे वाटाणे पेरले आहेत. वरून ओघळ, मधे रंगाचे पापुद्रे, कडेनं बुरशी. कपाटातल्या एका तयार शराऱ्यावरही बुरशीचे ठिपके उठले होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून माहीन खोकली, अगदी वेळ साधून.

"जलील रोज कुवेतवरून ओरडतात," रेहाना नवऱ्याबद्दल म्हणाली. "म्हणतात, पोरीच्या सीन्यात कफ बसला तर घराला काय चाटायचंय? दसऱ्यापर्यंत बघते. नाहीतर... बुरा मत मानो."

सगुणाबाई त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठल्या. हे पूर्वी फक्त भूकंपाच्या दिवशी झालं होतं.

खाली येऊन त्यांनी केतनला धरलं. केतन म्हणाला, "टेन्शन नको घेऊ आई, आपला एक माणूस आहे, एकदम खतरनाक. गच्चीला असं केमिकल मारेल ना, पाऊस बोलेल सॉरी!" खतरनाक माणूस आला. गच्ची पांढरी झाली. सगुणाबाईंच्या दोन कोंबड्याही थोड्या पांढऱ्या झाल्या. रेहानाची भिंत मात्र ओलीच.

मग सगुणाबाईंचा संशय आपोआप एक मजला वर चढला. रेहानाच्या डोक्यावर कोण? हेतलबेन. हेतलबेनच्या खिडकीत काय? कुंड्या. झालं.

"हेतलबाय, तू झारांना आंघोली घालतस काय?"

"अरे सगुणाबेन, मी तर चमच्यानी पाणी घालते ने!"

"मंग फरशी पुसताना बालदी लवंडत असशील!"

"बालदीच नाही आमच्याकडे, दांड्यावाला पोछा आहे ने!"

"मंग वाशिंग मशीन!"

"ते तर तिकडच्या टोकाला आहे. सगुणाबेन, तुम्हाला माझ्यावर खार आहे, सरळ बोला ने!"

हेतलबेननी दार लावलं. आठवडाभर जिन्यात त्यांची सगुणाबाईंशी गाठ पडली, की त्या भिंतीकडे तोंड करून उतरायच्या. तिकडे रेहानानं खोकी गोळा करायला सुरुवात केली. दुपारी सगुणाबाई वर जायच्या तेव्हा बसायच्या जागी खोकं असायचं. त्या खोक्यावरच बसायच्या. उठल्या की रेहाना ते भरेल, अशी त्यांना भीती.

एके दुपारी रेहाना चहा टाकायला आत गेली. सगुणाबाई कपाटामागे घुसल्या आणि भिंतीशी बोलू लागल्या. "का गो, तुला काय कमी केलं? रंग दिला, गिलावा दिला..." बोलता बोलता ओघळावरून बोट फिरवलं आणि जन्माच्या सवयीनं ते जिभेला लावलं. मिठागरात पाणी कितपत पिकलंय हे असंच बघायचं असतं.

तोंड वाकडं झालं. खारट! नुसतं खारट नाही, खारट आणि वर कडू.

पावसाचं पाणी खारट नसतं. नळाचं नसतं. हेतलबेनच्या चमच्यातलं तर नाहीच नाही. ही चव त्यांच्या ओळखीची होती, अगदी घरातल्या माणसासारखी. पावसाळ्यात मिठाची रास पाझरते, तेच हे पाणी. सगुणाबाईंनी हळूच मान वर केली. कपाटाच्या वर माळा होता, त्याला प्लायवूडचं दार.

"रेहाना," त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला, "माल्यावर काय ठेवलंस गो?"

आतली कपबशी थबकली. "काही नाही मावशी. बॅगा... गाद्या..."

"आनि?"

रेहाना दारात येऊन उभी राहिली, ओढणीचं टोक पिळत. "तुम्ही दर साली देता ना. आम्ही तीन माणसं, त्यातलं एक कुवेतला. किती खाणार? फेकायचं नाही म्हणालात. परत देणं बरं दिसत नाही. मग वर सरकवत गेले."

केतनला हाक गेली. तो स्टूलावर चढला, बॅगा काढल्या आणि शिट्टी वाजवली. "आई, इथं तर अख्खं मिठागर आहे!" मागच्या भिंतीला टेकून गोण्या बसल्या होत्या, खालच्या अर्ध्या पाझरून चपट्या झालेल्या. तो एकेक खाली देत होता आणि सगुणाबाईंच्या कपाळावर आठी चढत होती.

"थांब. मी येवढ्या दिल्या न्हाईत! हिला राहून किती वरसं झाली, आनि गोन्या दुप्पट कशा?"

आवाज ऐकून हेतलबेन रुसवा विसरून दारात आल्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, कारण त्या अचानक छताकडे बघायला लागल्या होत्या.

"आमच्याकडे पाकिटाचं मीठ खातात," त्या म्हणाल्या. "मी रेहानाला बोलली, तू ठेव ने."

मग सगुणाबाई खोक्यावर बसल्या, डोक्याला हात लावला, आणि त्यांच्या पोटातून जे हसू सुटलं त्यानं खालच्या पांढऱ्या कोंबड्याही ओरडल्या. "मीच!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मीच तुझी भिंत भिजवली, आनि हिच्या झारांना शिव्या दिल्या! हेतलबाय, माफ कर गो. तू पन अर्धी चोर हायेस, पन माफ कर."

"अर्धीच ने?" हेतलबेन म्हणाल्या.

मीठ फेकायचा प्रश्नच नव्हता. केतनच्या ट्रकमध्ये गोण्या चढल्या आणि मच्छी खारवणाऱ्या कोळणींकडे गेल्या. पाऊस सरल्यावर भिंतीचा गिलावा विटांपर्यंत खरवडून नवा केला. माळा आठवडाभर उघडा ठेवून पंख्यानं वाळवला. सगुणाबाई रोज येऊन भिंतीला बोट लावायच्या, चाटायच्या आणि चहाला बसायच्या. खोक्यांबद्दल त्या विचारत नव्हत्या. विचारलं तर उत्तर मिळेल, ही भीती.

दसऱ्याच्या आधी रेहानाच्या बहिणीचा फोन आला. रेहानाच्या दोन्ही हातांत जरीची पट्टी होती, म्हणून फोन स्पीकरवर. "खोलीचं काय करतेस? दुसरं गिऱ्हाईक आलंय."

सगुणाबाई बशीतल्या चहावर एकदम जोरात फुंकर मारू लागल्या, काहीच ऐकू येत नाही असं दाखवायला.

"देऊन टाक त्यांना," रेहाना म्हणाली. "माहीनचा खोकला गेला. आणि आमची भिंत चाखून झालीय, आता गोड आहे."

पुढच्या मे महिन्यात मीठ निघालं तेव्हा सगुणाबाई जिना चढून आल्या. हातात लोणच्याची एक छोटी बरणी होती, मिठानं भरलेली. रेहानानं ती हातात घेऊन वर-खाली फिरवली.

"एवढंच? मावशी, रुसलात का?"

"रुसली न्हाय गो," सगुणाबाई खाली बसत म्हणाल्या, "तुझ्या माल्याला भ्याली. चहा टाक."