नानांचा जाम क्लच

मी जळगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तरफ, स्प्रिंग, घर्षण हे सगळं मी वीस वर्षं फळ्यावर काढत आलोय आणि फळ्यावरचं माझं एकही यंत्र आजवर बिघडलेलं नाही. एवढ्या भांडवलावर मी सासुरवाडीत, ऐन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, सासऱ्यांची जुनी राजदूत मोटरसायकल खोलायला बसलो. आलेल्या जावयाला नको म्हणायची आमच्या खानदेशात पद्धत नाही. ती असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

सासरे म्हणजे अभिमन नाना. पारोळ्यापासून बारा किलोमीटरवर त्यांचं गाव. वय चौऱ्याहत्तर. ही गाडी त्यांनी तिशीत असताना एका ओव्हरसियरकडून जुनीच घेतली आणि त्या दिवसापासून ते कुणाच्याही मागे बसलेले नव्हते. माझ्या बायकोच्या, दिपमालाच्या, लग्नातली तांब्याची भांडी त्यांनी सोनगीरहून याच गाडीवर बांधून आणली. वाटेत एक हंडा सुटून हायवेवर गडगडत गेला. त्याला पडलेला पोचा आमच्या जळगावातल्या, मेहरूणच्या घरात अजून आहे आणि बायकोच्या माहेरच्यांनी काय दिलं असा विषय निघाला की तो मला दाखवला जातो.

गावात येणारी बस बंद पडली तेव्हा सगळे ओरडले, नानांना फरक पडला नाही. सुरतेला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने बिनगिअरची स्कूटर घेऊन देतो म्हटलं, तर ती गाडी नाही, खुर्ची आहे, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. बाजाराच्या दिवशी पारोळ्याला जायचं, पंडित मिस्त्रीच्या गॅरेजात चहा घ्यायचा, चार लोकांत बसायचं, सासूबाईंसाठी तिखट शेव बांधून घ्यायची आणि परत यायचं. एवढंच त्यांचं फिरणं होतं, पण ते कुणाला विचारून करावं लागत नव्हतं.

मग एका वर्षी कापसाला भाव मिळेना. नानांनी कापूस विकला नाही, पुढच्या खोलीत भरला. गाडी त्याच खोलीत उभी होती. कापूस वाढत गेला तशी आधी चाकं बुडाली, मग टाकी, मग हँडल. काढू दोन-चार दिवसांत, असं म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं. आखाजीच्या आठ दिवस आधी कापूस विकला गेला, तेव्हा खाली गाडी निघाली. या दीड वर्षात नाना ओट्यावरून हलले नव्हते. आता ते जेवतात, पण बोलत नाहीत, असं सासूबाईंनी, म्हणजे भागाबाईंनी, दिपमालाला फोनवर सांगितलं होतं. म्हणून तर मी पाने-पक्कड घेऊन आलो होतो. नाना पुन्हा बाजाराला जायला लागले पाहिजेत, एवढं एकच मला हवं होतं. श्रेय मिळालं असतं तर तेही चाललं असतं.

सतराव्या किकला गाडी सुरू झाली. मी क्लच दाबून गिअर टाकला आणि गाडी मला घेऊन सरळ शेजारच्या जीवराम आप्पांच्या कडब्यात शिरली. कडब्यातून बाहेर येत मी नानांना निदान सांगितलं. गाडी फार दिवस उभी राहिली की क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात, मग हँडलवरची दांडी दाबली तरी चाक इंजिनपासून सुटत नाही. हे मी तरफेच्या उदाहरणासह समजावलं. चाळीसहून अधिक वर्षं ती गाडी चालवलेला माणूस मान हलवत ऐकत होता.

मी झाकण खोललं. अंगणात ऑइल सांडलं. चिकटलेल्या प्लेटा सोडवायला स्वयंपाकघरातलं उलथणं नेलं, ते परत आलं तेव्हा ते उलथणं राहिलं नव्हतं. प्लेटा पेट्रोलने धुतल्या, स्प्रिंगा बसवल्या, सगळं बंद केलं. एक वॉशर उरला, तो मी खिशात टाकला. मग मी स्वतः गावाला फेरी मारून आलो. क्लच लोण्यासारखा चालत होता. मला इतका आनंद झाला की मी हॉर्न वाजवत आलो.

नाना पांढरी टोपी घालून तयार होते. बसले, क्लच दाबला, गिअर टाकला. गाडीने हिसका दिला आणि बंद पडली.

"आजून जामच शे," नाना म्हणाले.

मी पुन्हा खोललं. दुसऱ्या दिवशी पारोळ्याहून नवी केबल आणली, ग्रीस भरलं. मी चालवली की गाडी चालायची, नाना बसले की हिसका देऊन बंद पडायची. तोवर निम्मं गाव जमलं होतं. जीवराम आप्पा खाट घेऊनच आले होते.

तिसऱ्या वेळी केबल कुठे अडते ते पाहायला मी नानांच्या डाव्या हाताशी उकिडवा बसलो, म्हणून मला तो हात दिसला. मधली दोन बोटं वळतच नव्हती. उरलेली दोन थरथरत दांडी अर्ध्यावर आणत होती आणि तिथेच थांबत होती. नानांनी दात आवळले होते. क्लच कधीच सुटला होता. दीड वर्षात हात जाम झाला होता.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, की बघा, मी दोन बोटांनी दाबून दाखवतो. वर्गात मी रोज असलीच वाक्यं बोलतो. पण समोर सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून मान अगदी थोडी हलवली. त्यांना सगळं ठाऊक होतं. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"हो नाना, जामच आहे," मी म्हणालो. "मला नाही जमलं."

अंगण हसलं. जीवराम आप्पांनी खाटेवरूनच सल्ला दिला, "मास्तर, पोरेसले शिकाडा, गाडीले नका शिकाडू."

हसणं ओसरल्यावर मी म्हणालो, असा क्लच गाडी चालवून चालवूनच सुटतो. मी चालवतो, पण आवाज ओळखणारा माणूस मागे पाहिजे. नानांनी एकदा दांडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उतरले, टोपी नीट केली आणि मागे बसले.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, मी जळगावहून येतो आणि आमची ट्रायल पारोळ्यापर्यंत जाते. सात महिने झाले. क्लच न जमलेला मास्तर म्हणून मी तीन गावांत प्रसिद्ध आहे. पंडित मिस्त्रीने एकदा एका बोटाने दांडी दाबून पाहिली, चहाची बशी दोन्ही हातांनी धरून बसलेल्या नानांकडे पाहिलं, आणि काम अवघड आहे, आपल्याच्याने होणार नाही, असं चारचौघांत सांगितलं. मला तो माणूस तेव्हापासून फार आवडतो.

परवा परतताना नाना मागून मला कुठे दाबायचा, कुठे सोडायचा ते सांगत होते. गाव जवळ आलं. त्यांचा तो डावा हात माझ्या खांद्यावर होता. मग ते पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाले,

"पाव्हना, क्लच नीट व्हई गया ना, तरी मले सांगू नका."