तिच्याच वेळी पडणारे नो-बॉल

वहिनी हे माझं नाव आहे असं त्या मुलीला जवळजवळ दोन वर्षं वाटत होतं. नवऱ्याच्या टीममधले सगळे मला वहिनी म्हणतात, तिनेही तेच उचललं. एका दिवाळीला तिच्या वडिलांनी दिलेल्या कार्डावर ‘मिसेस वहिनी’ असं लिहिलेलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. माझं खरं नाव एमिरेट्स आयडीवर आहे, तेवढं पुरे.

आम्ही आखातात, अल रीम आयलंडवर, एकाच टॉवरमध्ये राहायचो, आम्ही अकराव्या मजल्यावर आणि ते सोळाव्या. मुलगी चौदा वर्षांची, इंग्लंडहून येऊन तीन वर्षं झालेली. वडील कुठल्याशा इंजिनीअरिंग कंपनीत होते, बोलायला कंजूष. ही पार्किंगच्या भिंतीवर तासन् तास बॉल मारत बसायची आणि वॉचमन तिची तक्रार करायचा. नवऱ्याने एकदा लिफ्टमध्ये तिची किट-बॅग पाहिली आणि आमच्या शनिवारच्या क्रिकेटला ये म्हणून सांगून टाकलं. मला विचारलं नाही. माणसं घरी जेवायला बोलावतानाही तो असंच करतो.

आमची टीम म्हणजे कडधान्याची मिसळ. नवरा आणि त्याचे दोन मित्र पुण्या-मुंबईचे, ऑफिसात बसणारे. बाकीचे कोकणातले, साइटवर काम करणारे, खोलीत सहा-सहा जण राहणारे. शहराबाहेर रेताड मैदान, मधे सिमेंटची पट्टी, तिच्यावर अंथरलेलं मॅटिंग. मी स्कोअरर. मी एका कन्स्ट्रक्शन कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. कुठलंही ड्रॉइंग, कुठलंही पत्र खोट्या तारखेने पुढे जाऊ नये याचा मला पगार मिळतो. माझ्या हातून बेरीज चुकत नाही म्हणून स्कोअरबुक माझ्याकडे आलं, आणि मला ते आवडायचं. पंचवीस माणसं उन्हात ओरडत असताना आपण सावलीत बसून खरं काय झालं ते लिहायचं, यात एक सुख आहे.

पहिल्या शनिवारी ती पॅड बांधून आली, तेव्हा आपापसातली मॅच चालू होती. आमचा सगळ्यात वेगवान बोलर रत्नागिरीकडचा, एसीचे डक्ट बसवणारा. त्याने बॉल हातात घेतला आणि थांबून माझ्याकडे आला.

“वहिनी, हिला फास्ट टाकायचा नाय,” तो म्हणाला. “लागला म्हणजे? गोऱ्याची पोरगी. पोलीस केस, मग व्हिसा खलास. माझी दोन पोरं शाळेत हायत.”

यात विनोद काही नव्हता. शेवटी कोणीतरी म्हणालं, लिंबूटिंबू ठेवा, आणि प्रश्न मिटला.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. खेळात लहान भावंडाला घ्यावं तर लागतं, पण त्याचा राज्य-डाव धरायचा नसतो, ते लिंबूटिंबू. दोन्ही बाजूंनी खेळतं, कधी आऊट होत नाही, आणि आपण खेळतोय या आनंदात असतं. मी आमच्या कॉलनीत तेरा वर्षांची होईपर्यंत लिंबूटिंबू होते. त्यानंतर मला बसायला सांगितलं. म्हणून निदान मला तरी हे कळायला हवं होतं.

तिला बॉल हळू पडायचे. कॅच हातात आला की हातातून सुटायचा. आणि स्टंप उडाले की अंपायर, म्हणजे आमच्यापैकीच कोणीतरी, लगेच ‘नो-बॉल’ म्हणून हात आडवा करायचा. मी नो-बॉल लिहायचे. अंपायरने जे दिलं ते लिहायचं, हा नियम माझ्या बाजूने होता. ती तीस करायची, चाळीस करायची, एकदा सत्तेचाळीस नाबाद.

तिची बोलिंग मात्र पहिल्या दिवसापासून खरी होती. मध्यम वेग, पण बॉल शेवटच्या क्षणी आत यायचा. बाईमाणसाला सांभाळून घेणारे पुरुष तिच्या हातून आऊट व्हायला अजिबात तयार नसतात. ते जीव तोडून खेळायचे आणि तरी आऊट व्हायचे. मग मॅटिंगला दोष द्यायचे.

महिनाभराने तिने मला विचारलं, ते लोक मला लिंबूटिंबू का म्हणतात? ती इंग्रजीतच बोलायची, मी इथे मराठीत लिहिते आहे. मी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, जो दोन्हीकडून खेळतो तो. ऑल-राउंडर. यातला एकही शब्द धड खोटा नव्हता. तिने किट-बॅगवर मार्करने इंग्रजी अक्षरांत तो शब्द लिहिला. टीममधली पोरं हसली, मीही हसले.

मार्चमध्ये तिच्या वडिलांनी खाली येऊन माझ्याकडे स्कोअरबुक मागितलं. इंग्लंडमधल्या एका काउंटीच्या मुलींच्या संघासाठी चाचणी होती, तिचे आजी-आजोबा त्याच भागात राहायचे. सध्या कुठे आणि काय खेळता, असं फॉर्ममध्ये विचारलेलं होतं. त्यांनी माझ्या पानांचे फोटो काढून जोडले. “तुमचं अक्षर फार सुवाच्य आहे,” असं ते म्हणाले. मी चहा विचारला. नको म्हणाले. तेव्हा एक वाक्य बोलता आलं असतं, मी बोलले नाही. मुलीला संधी मिळतेय, आपण कशाला खोडा घालायचा, अशी मी स्वतःची समजूत घातली.

एप्रिलमध्ये ती गेली आणि आठवड्याने परत आली. तिच्याच वयाच्या एका मुलीने तिला पहिल्या दहा चेंडूंत तीनदा बोल्ड केलं होतं. बोलिंग चांगली आहे, पुढच्या वर्षी पुन्हा ये, असं त्यांनी सभ्यपणे सांगितलं. तिचा त्या सभ्यपणावर सर्वात जास्त राग होता.

एका संध्याकाळी तिने आमची बेल वाजवली. मी पोहे भिजवले होते. ती डायनिंग टेबलाशी बसली आणि स्कोअरबुक मागितलं. पंधरा मिनिटं ती पानं उलटत होती, बोट ठेवून एकेक ओळ पाहत होती. मग म्हणाली, “वहिनी, तुझ्या पुस्तकात नो-बॉल फक्त माझ्याच वेळी पडतात.”

मी पुस्तक बघायलाही गेले नाही. मला ठाऊक होतं.

“लिंबूटिंबू म्हणजे काय?” तिने पुन्हा विचारलं. या वेळी मी सगळं सांगितलं, आमच्या कॉलनीपासून.

“सगळ्यांना माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू लिहिलंस.”

“हो,” मी म्हणाले. मला लाज वाटली. ऑफिसात एक चुकीची तारीख आली तर मी इंजिनीअरला उभं करून बोलते, आणि इथे मोसमभर खोटा कागद माझ्याच अक्षरात तयार झाला होता. ती रडली नाही. पुढच्या मोसमात मला खरे बॉल हवेत, एवढं म्हणून ती उठली. पोहे तसेच राहिले.

ऑक्टोबरमध्ये मॅचेस सुरू झाल्या तेव्हा मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. कोणी नाही म्हणालं नाही, पण कोणी हो पण म्हणेना. डक्टवाल्याचं व्हिसाचं गाणं पुन्हा सुरू झालं. नवरा वैतागून तिला म्हणाला, “या देशात एनओसीशिवाय पान हलत नाही. जा बाई, बापाची एनओसी घेऊन ये.” तो गंमत करत होता. घर बदलायचं, नोकरी बदलायची, काहीही असो, कोणाची तरी हरकत नाही असा कागद लागतोच, म्हणून आम्ही सगळे त्या कागदाची चेष्टा करतो.

पुढच्या शनिवारी तिचे वडील इंग्रजीत टाइप केलेला एक कागद घेऊन आले. माझ्या मुलीला पूर्ण वेगाने चेंडू टाकण्यास माझी हरकत नाही, दुखापत झाल्यास जबाबदारी माझी. खाली सही, मागे आयडीची कॉपी. डक्टवाल्याने कागद दोनदा वाचला, माझ्याकडून अर्थ समजून घेतला, फोनवर फोटो काढला. मग बोलिंगची खूण पाच पावलं मागे नेली. त्याचा पहिलाच बॉल तिच्या मांडीवर बसला. तो पाण्याची बाटली घेऊन धावला. तिने त्याला हाताने परत जायला सांगितलं.

पहिला महिनाभर ती शून्याच्या वर फारशी गेली नाही. माझ्या पुस्तकात तिच्या नावापुढे बोल्ड, कॅच, बोल्ड. नो-बॉल बंद झाले. डिसेंबरपर्यंत ती त्याला मागच्या पायावर खेळू लागली आणि जानेवारीत नवऱ्याने तिला लीगच्या मॅचेसमध्ये सहाव्या नंबरवर घेतलं. तिने दर मॅचला एखाद-दुसरी विकेट काढली. धावा मात्र वीस-बावीसच्या पुढे जाईनात. काउंटीचा फॉर्म पाठवायच्या आधी एक मॅच उरली होती आणि तिला निदान एक मोठा आकडा हवा होता, खरा.

त्या दिवशी साइटवर स्लॅब टाकायचा असल्यामुळे आमची चार माणसं आलीच नाहीत. आमच्या लीगमध्ये बॅटिंग करणाऱ्या टीमनेच अंपायर द्यायचे असतात. माणूस उरला नाही, म्हणून नवऱ्याने मला कोट घालून बोलरच्या बाजूला उभं केलं. स्कोअरबुक तिच्या वडिलांकडे गेलं. आम्हाला चाळीसेक धावा हव्या होत्या, ती अकरावर खेळत होती आणि छान खेळत होती. समोरची टीम मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागातली, त्यांचा डावखुरा बोलर आडव्या कोनातून टाकायचा. एक बॉल तिच्या पॅडवर लागला. त्यांनी सवयीने अपील केलं. सवयीने, कारण आमच्या लीगमध्ये एलबीडब्ल्यू नियमांच्या पुस्तकात आहे, मैदानात नाही. आपल्याच माणसाला कोण देणार?

मी बोट वर केलं.

बोलरच आधी दचकला. ती माझ्याकडे पाहत एक क्षण उभी राहिली आणि चालू लागली. ती दहा पावलं गेली असेल, तेव्हा मला कळलं की बॉल लेग स्टंपच्या बाहेर चालला होता. चांगला वीतभर बाहेर. आम्ही आठ धावांनी हरलो.

ते पान वडिलांनी पाठवलं, अकरा धावा आणि दोन विकेट. काउंटीने तिला बोलावलं. मुख्यतः बोलिंगसाठी घेतलं असं नंतर कळलं. आता ती तिकडच्याच मोठ्या संघात आहे, सहाव्या-सातव्या नंबरवर खेळते. ते लोक इथून गेले. मी कधीकधी फोनवर तिचा स्कोअर बघते. ती माझ्यामुळे तिथे पोचली असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते तसं नाही.

त्या दिवशी मॅच संपल्यावर आमची सगळी टीम पाण्याच्या कूलरपाशी माझ्यावर तुटून पडली. डक्टवाला म्हणाला, “वहिनी, काय बघून दिलात पोरीला आऊट? बॉल दुबईला चालला होता.” ती पॅड न सोडता माझ्यापाशी आली.

“तो लेगच्या बाहेर जात होता,” ती म्हणाली.

“हो. मला माहीत आहे.”

“मग का दिलंस?”

मी खरं ते सांगितलं. पुन्हा कोणी तुला सांभाळून घेतलं असं व्हायला नको म्हणून, असं म्हणाले. मला वाटलं होतं, हे ऐकून ती शांत होईल.

“म्हणजे आजही तू बॉल पाहिला नाहीस, वहिनी,” ती म्हणाली. “आजही मलाच पाहिलंस.”

मी कोट काढून घडी घालत उभी राहिले. तिचं बरोबर होतं.