वडिलांचं कार्ड तापीत

आप्पा गेले तेव्हा मिरचीचा हंगाम सरत आला होता. नंदुरबारला आमची मिरचीची पेढी. गावाबाहेरच्या मोकळ्या पथारीवर त्यांची शेवटची मिरची वाळत पडलेली. सुतकातही माय रोज तिथे जाऊन बसायची, मजूर बायांबरोबर मिरची उलटवायची. पोती गोदामात लागली तेव्हा एवढंच म्हणाली, "हाऊ माल त्यासना नाववरच इकाले पाहिजे."

मृत्युपत्रातही तेच होतं. व्यवस्था थोरल्या मुलीने बघावी, असंही होतं. थोरली मी. आणि वर्षश्राद्धाआधी आमच्यात कुणी वाटणीचं नाव काढत नाही, त्यामुळे माल ना माझा, ना भावाचा. सुरतच्या खरेदीदाराने फोनवर सांगून टाकलं, "मेलेल्या माणसाच्या पॅनवर बिल होत नाही. त्याच्या मागे राहिलेल्या मिळकतीच्या नावाने नवीन नंबर काढा."

कागदपत्रं हा आपला हक्क आहे, अशी पत्रकं मी गावोगाव वाटलीत. काकांना घेऊन सेवा केंद्रात गेले.

"मयताचं मूळ पॅन कार्ड?" तिथल्या माणसाने विचारलं.

ते तापीत होतं. प्रकाशा तीर्थावर अस्थी सोडताना मायने आप्पांचा चष्मा, तंबाखूची डबी आणि खिशातलं पाकीट एका फडक्यात बांधून सोडलं. हाताशी असायचं ते माणसासोबत जावं, ही आमच्या घरची रीत. कार्ड पाकिटात होतं.

"मग हरवल्याची तक्रार आणा."

"हरवलं नाही. कुठे आहे ते माहितेय."

"जाय, तापीमायले इचारी ये," काका म्हणाले. केंद्रातला माणूस हसला नाही.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, हाताने सोडलं ते हरवलं कसं? पुन्हा केंद्र. पुन्हा ठाणं. माणूस मेला हे सरकारला दाखल्यावरून कळतं. पण जन्मभर त्याच्याकडून कर घेतला तो कुठल्या नंबरवर, हे सरकारला आम्हीच शोधून द्यायचं! शेवटी आप्पांचं विवरणपत्र भरणाऱ्याच्या कपाटात तो नंबर सापडला. तोवर गोदामात उकडायला लागलं होतं.

अर्ज भरताना केंद्रवाला म्हणाला, "स्थापनेची तारीख?"

"कशाची स्थापना?"

"मिळकतीची. हा रकाना रिकामा ठेवता येत नाही."

काका खाली बघत म्हणाले, "तो मरना तोच दिन लिख."

त्याने लिहिला. मी भांडायच्या तयारीने आले होते. नुसती मान हलवली.

कार्ड टपालाने आलं. मायने उलटसुलट करून पाहिलं. "फोटू नही शे?"

"मिळकतीला फोटो नसतो, माय."

काका म्हणाले, "आते हाई तरी नदीमा टाकू नको, वहिनी." माय पहिल्यांदा जराशी हसली.

खरेदीदाराच्या माणसाने पोतं उसवलं, मिरची मोडून उजेडात धरली. "रंग उतरला, बाई. महिन्याभरापूर्वी द्यायची होती." माय दराबद्दल बोललीच नाही. तिने बिल मागून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"त्यासनं नाव कोठे शे?"

मी बोट ठेवलं.

"आधी काय लिखेल शे?"

"मयत."

"ते माले मालूम शे. पुढलं वाच."