गेटवर लागलेली यादी

लातूरच्या एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो आणि धाकटी बहीण तिथंच बारावीला होती. माझी नोकरी होती म्हणून तिला फी माफ होती. दर महिन्याच्या चाचणीनंतर गेटवर यादी लागायची. पहिल्या तीस पोरांना मोठे सर स्वतः शिकवायचे, बाकीच्यांना गच्चीवरच्या पत्र्याखाली बसवायचे.

क्लासची मशीन लिनक्सवर चालायची. माझ्याआधीच्या ऑपरेटरनं, म्हणजे सरांच्या भाच्यानं, बॅशमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, 'यादी' नावाचं अलियस करून ठेवलं होतं. अलियस म्हणजे लांबलचक आदेशाचं टोपणनाव. पण त्यात फाइलचं नाव पक्कं बसवलेलं, दर महिन्याला हातानं बदलावं लागे. मला शहाणपण सुचलं. त्याच नावाचं फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्राम लिहिला, जो नवी फाइल आपोआप उचलेल.

सोमवारी दुपारी ते चालवायला घेतलं, तर कंसापाशी चूक आहे म्हणून मशीन अडून बसली. मी कंस मोजत बसलो. मराठी शाळेतून आलेला माणूस, चूक आपलीच असणार हे धरूनच चालायचो.

"काय करायलास रे? निलंग्याहून, मुखेडहून पालक आले हायती!" सर दारातून ओरडले. घाबरून मी एक कंस हलवला आणि 'यादी' असं टाइप केलं. प्रिंटरमधून यादी निघाली. जमलं, असंच वाटलं मला. सरांनी कागद ओढून नेला.

मागून निघालेली दुसरी कॉपी मी वाचायला घेतली. बहीण अडतिसावी. गेल्या महिन्यातही अडतिसावीच होती. मशीनलाच विचारलं, 'यादी' म्हणजे काय? ती म्हणाली, अलियस. माझं फंक्शन तयारच झालं नव्हतं, जुन्या अलियसनं गेल्या महिन्याचीच फाइल छापली होती. मी लिहिलेलं वाचताना मशीननं 'यादी' या नावाच्या जागी आधी जुना आदेशच भरला, म्हणून पुढचा कंस तिला खटकला. भूकंपानंतर आमचं गाव नव्या जागी गेलं, नाव तेच राहिलं, आणि पाव्हणे कित्येक वर्षं जुन्या ढिगाऱ्यापाशीच उतरत होते. तसंच झालं हे.

टोपणनाव काढून टाकलं, फंक्शन पहिल्या फटक्यात चाललं. खऱ्या यादीत बहीण सातवी होती.

कागद घेऊन धावत गेलो. सरांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "गेटवर लागलेली यादी बदलत न्हाईत. क्लासची इज्जत जाती. हे बाहेर बोलला तर तू बी घरी आन् बहीण बी."

आजही त्या माणसाचा राग येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो.

बहीण गेटवर उभी होती, रडवेली. "दादा, पेपर लई सोपा गेल्ता रे. माझं कुठं चुकलं?"

"अभ्यास वाढव," मी म्हणालो. ती मान हलवून गच्चीचा जिना चढायला लागली.