रिंगणीच्या धुरातले किडे

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे दात घासणं. ओहोळावरच्या सपाट दगडावर बसलो होतो. मी करंजाची काडी चावत होतो. ती डबीतली मशेरी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळत होती. तंबाखू खापरावर जाळायची, काळीठिक्कर झाली की चुरायची, ती मशेरी. आमच्या मोखाड्याकडच्या डोंगरात बायांची सकाळ तिच्यावाचून सुरू होत नाही.

"काळतोंडे, काडी घे," मी म्हटलं.

"तूच चाव. तुझं तोंड बघ, चरून आलेल्या बैलावाणी हिरवं."

"बैलाचे दात तरी शाबूत असतात."

"मग माझ्याऐवजी गाय आणायचीस घरात." ती हसली आणि थुंकली. थुंकीत काळ्याबरोबर पिवळं होतं, रक्तही होतं. मला दिसू नये म्हणून तिनं पायानं पाणी उडवून ते वाहवून दिलं. मला दिसलं.

तेव्हा संस्थान मोडून सरकारचं राज्य आलं होतं. जव्हारला नवे साहेब आले, नवे कागद आले. आमच्या तोंडात मात्र जुनंच राज्य. दाढ दुखली की मशेरी जास्त चोळायची. हिरडी बधिर होते, बधिर झाली की बाई म्हणते बरं वाटलं. आत सडायचं ते सडतंच. बैल घेताना आम्ही त्याचा जबडा फाकवून दात बघतो. बायकोचा जबडा कोण बघतो? पोरांचे दात पडतात आणि पुन्हा येतात, म्हणून दाताची कोणाला किंमत नाही. मोठ्या माणसाची दाढ सडली तर ती अख्ख्या माणसाला घेऊन जाते, हे आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिची दाढ होळीच्या आधीपासून ठणकत होती. तिची मावशी आमच्याच पाड्यात राहायची. दाढेतला किडा काढण्यात मावशीचं मोठं नाव. ती रिंगणीची पिवळी फळं घेऊन आली. रिंगणी म्हणजे जमिनीला चिकटून वाढणारं ते काटेरी झुडूप. मावशीनं परातीत पाणी ओतलं, मधे दगड ठेवला, दगडावर विस्तवात लाल केलेलं खापर. खापरावर तेल लावलेलं रिंगणीचं बी टाकलं आणि वरून बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घातलं. भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोचला. त्यातून येणारा धूर बायकोनं दाढेवर घेतला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. मग मावशीनं मडकं उचललं. परातीतल्या पाण्यावर बारीक पांढरे किडे तरंगत होते.

"बघा," मावशी म्हणाली, "कसे खात होते माझ्या पोरीला!"

सगळ्या बाया वाकल्या. मीही वाकलो. तरी म्हटलं, "एकदा जव्हारच्या डॉक्टरला दाखवून येऊ."

"किडे तर निघाले," बायको म्हणाली. "आता डॉक्टर काय माझी जीभ काढणार? ती तर तुला हवीच आहे काढलेली."

बाया खो-खो हसल्या. धुरानं ठणका थांबला होता, मग माझं कोण ऐकतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ओहोळावरची ती सकाळ. त्याच दुपारी तिला हीव भरलं. तिन्हीसांजेला जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना. उजाडेपर्यंत गळा फुगला, लाळही गिळवेना. घोंगडीची डोली केली आणि गडीमाणसं मिळून तिला जव्हारला घेऊन निघालो. मावशी मागून ओरडली, "एखादा किडा राहिला असंल! पुन्हा धूर देऊ, आणा तिला मागं!" मी थांबलो नाही.

डॉक्टरनं सुई दिली, गळ्याखाली चिरून पू काढला. मला म्हणाला, "दाढेतलं विष खाली उतरलंय. आधी आणली असती तर दाढ उपटून भागलं असतं."

मी त्याला किड्यांचं सांगितलं.

"दाढेत किडे नसतात, बाबा. ते बियांच्या आतले कोंब. बी तापून फुटलं की उडून पाण्यात पडतात."

मी त्याला शिवी हासडली. किडे मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते.

दुपार कलता कलता ती गेली. डोली परत आणताना वाटेत लोक विचारायचे, काय झालं? मी सांगायचो, दाढ दुखत होती. लोक म्हणायचे, "ते झालं रे, पण मेली कशानं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतकाच्या घरात पेटवू नये ती चूल मी पेटवली. खापर लाल केलं. परातीत पाणी, मधे दगड, दगडावर खापर. मावशीनं ठेवून दिलेलं रिंगणीचं बी कोनाड्यात होतं, त्याला तेल लावून खापरावर टाकलं. वर तेच मडकं. देठ खोचला नाही. धूर भोकातून निघून छपराकडे गेला. त्याच्यावर कोणी तोंड धरलं नव्हतं.

मडकं उचललं. पाण्यावर पांढरे किडे तरंगत होते. तसेच.

मावशी रडायला म्हणून आली होती, ती दारातच उभी राहिली. मी परात तिच्यापुढं सरकवली.

"मावशी, हे कोणाच्या दाढेतले?"

तिनं वाकून बघितलं. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "तिचेच. घरात उरले असतील."

मी परात उचलून उकिरड्यावर उपडी केली. करंजाची काडी मोडली आणि दात घासायला ओहोळावर गेलो.