अंगणातल्या प्लगचं झाकण

तीस सालानंतर कधीतरी आमच्या नाशकातल्या आळीत वीज आली, तेव्हा यांनी मोठ्या हौसेनं अंगणातल्या भिंतीवरही एक प्लग बसवून घेतला. उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे विजेचा पंखा लावायचा आणि खुर्च्या टाकून दोघांनी बसायचं. दोन उन्हाळे तसे बसलो. मग हे गेले.

त्या वर्षी पावसाच्या आधी मी भद्रकालीतल्या पत्रेकाम करणाऱ्या चाचांना बोलावून प्लगवर झाकण करून घेतलं. चाचा म्हणाले, "बाई, खालून थोडं उघडं ठेवतो. ओल आत कोंडली की पितळ हिरवं पडतं." कुणी शहाणपण शिकवलेलं मला तेव्हा खपत नसे. "एक थेंब आत जाता कामा नये," मी खेकसले. त्यांनी झाकण चारी बाजूंनी बंद केलं. वर मी फटींत मेण भरलं.

चैत्रात पंखा बाहेर आणला, मेण खरवडून झाकण काढलं. आतलं पितळ हिरवंगार झालं होतं. पंखा काही फिरला नाही.

चाचांचं ऐकायला हवं होतं, असं पुटपुटत मी मागे वळले, तर अंगणात दोन खुर्च्या होत्या. दोन्ही मीच मांडल्या होत्या.